गोधडीखालच्या माणसाला हाक मारू नये

संध्याकाळी विमान उतरलं की इंजिन गरम आहे तोवर त्यातलं ऑइल काढून घ्यायचं आणि डबा घरात चुलीपाशी ठेवायचा, म्हणजे ते रात्रीच्या थंडीत थिजत नाही, ही उत्तरेकडच्या बर्फाळ युकॉन नदीकाठची रीत. लोर्नाने ती एकदाही मोडली नव्हती. तिची सासू हयात होती तोवर म्हणायची, "या घरात चुलीजवळची जागा आधी डब्याची, मग माणसांची." लोर्नाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. गाव लहान, विमान एकच, आणि ते चालवणारी ती एकटी.

त्या सकाळी डबा चुलीपाशी होता, पण नवरा नव्हता. क्लेमंट वरच्या खोऱ्यात सापळे बघायला गेला होता. आदल्या रात्री रेडिओवर त्याचा आवाज आला, तोही तुटक तुटक. बर्फाखालून वर चढलेल्या पाण्यात त्याची बर्फगाडी रुतली होती. पाय भिजले होते. कसाबसा झोपडीपर्यंत पोचला, पण आता पायाची बोटं पांढरी पडली होती आणि उभं राहवत नव्हतं. झोपडीत लाकूड थोडंच उरलं होतं. फोडायचं काम त्याने दर खेपेसारखं पुढच्या खेपेवर ढकललं होतं.

"जपून जाळ," लोर्ना म्हणाली होती. "उद्या उजेडात येते."

शहराहून मदतीचं विमान येणार नव्हतं, तिकडे धुकं गोठून बसलं होतं. म्हणजे जायचं ते तिनेच. आणि हिवाळ्यातला उजेड तो केवढा, पापणी लवेपर्यंत सरणारा. त्यात थंडी उणे चाळीसच्या खाली.

दीर रूफस मदतीला आला. गारठलेलं इंजिन तापवल्याशिवाय चालू होणार नव्हतं, म्हणून दोघांनी त्यावर जाड गोधडी घातली, पार बर्फाला टेकेल अशी. गोधडी कसली, तंबूच तो. लोर्नाने खाली कुठे पेट्रोलचा थेंब सांडलाय का ते वाकून पाहिलं. इंजिन ज्या नळीतून श्वास टाकतं तिच्या तोंडाशी बर्फाची गुठळी धरली होती, ती काढली. शेगडी तिने विमानापासून लांब पेटवली, पिवळी ज्योत निळी होऊन एकसारखी लागेपर्यंत थांबली, मगच गोधडीखाली सरकवली. आग विझवायचं नळकांडं गुडघ्यांत धरून ती स्वतः शेगडीशेजारी बसली.

आता या गावात गोधडीखालच्या माणसाला हाक मारत नाहीत. बोलायचं असेल तर जवळ येऊन बोलावं, चहा द्यायचा तर कडेने आत सरकवावा. हाक मारली की माणूस बाहेर येतं, बाहेर आलं की कॉफी निघते, कॉफीमागून गप्पा. चार हिवाळ्यांपूर्वी रूफस असाच कॉफीला गेला होता. गोधडीची कड शेगडीवर घसरली आणि घोट संपायच्या आत घरचं जुनं विमान जळून खाक झालं. त्या जागी उन्हाळ्यात अजून गवत उगवत नाही.

"वहिनी," रूफसने बाहेरून विचारलं, "झालं का? उजेड चाललाय."

"सिलिंडर तापलेत. पोट अजून गार आहे."

"सिलिंडर तापलेत ना, मग कर चालू. बाकीचं तापेल आपोआप."

"आणि वाटेत जंगलावर बंद पडलं म्हणजे? ढकलायला येशील तू?"

रूफस घराकडे वळला. लोर्नाने हातमोजा काढून तळहात पुन्हा इंजिनाच्या पोटाला लावला. धातूने कातडी धरली. तिने ती हळूच सोडवली आणि मोजा चढवला.

थोड्या वेळाने धावती पावलं आली. रूफस घरात रेडिओपाशी जाऊन आला होता. त्याने हाक मारली नाही, गोधडीला तोंड लावून बोलला.

"क्लेमंट आलाय रेडिओवर. आवाज पार खोल गेलाय. बॅटरी संपत आलीय म्हणतो. तुझ्याशी बोलायचंय त्याला."

रेडिओ छपरावरच्या तारेला बांधलेला, तो इथे आणता येणार नव्हता. शेगडी विझवून जावं तर मिळवलेली ऊब घटकाभरात निघून जाणार, आणि पुन्हा तेवढं तापवायला उजेड उरणार नव्हता.

"मी बसतो इथे," रूफस म्हणाला. "तू जा."

"नको."

"अजून तेच मनात धरून बसलीस?"

"अजून तेच."

"वहिनी, कोण जाणे, हे त्याचं शेवटचं बोलणं असलं तर?"

तिला रडू फुटलं. गोधडीखाली कुणी बघत नव्हतं, म्हणून तिने ते येऊ दिलं. मग ती म्हणाली, "त्याला सांग, मी शेगडीपाशी आहे. येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. जा लवकर."

पावलं लांब गेली. ती ज्योतीकडे बघत राहिली आणि आपल्या हट्टाला मनातल्या मनात शिव्या देत राहिली. पण जागची हलली नाही. कितीतरी वेळाने इंजिनाचं पोट हाताला माणसाच्या अंगासारखं लागलं.

"रूफस, ही शेगडी घे. विमानापासून लांब ने, मग विझव."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी दोन्ही हातांनी शेगडी नेली, एकदाही मान वळवली नाही. लोर्नाने चुलीपाशी तापलेलं ऑइल इंजिनात ओतलं, गोधडी काढून विमानात टाकली. पंखा हाताने फिरवून पाहिला, अडखळला नाही. पहिल्याच झटक्याला इंजिनाने आवाज दिला.

दिवस कलता कलता खाली झोपडी दिसली. धुराड्यातून भसाभसा धूर निघत होता. लोर्ना चिडली. जपून जाळ म्हटलं होतं, आणि हा बाबा होळी करून बसलाय. झोपडीपुढच्या गोठलेल्या तळ्यावर उतरून तिने आधी इंजिनावर गोधडी टाकली, मग धावत आत गेली.

आत उकडत होतं. लाकडाच्या कोपऱ्यात काटकीसुद्धा उरली नव्हती. क्लेमंट पाय गुंडाळून, पिशवी भरून, टोपी घालून तयार बसला होता.

"वेड लागलंय तुला?" ती म्हणाली. "सगळं जाळलंस? मी आले नसते तर?"

"तुला बोलावलं होतं मी. निरोप घ्यावा म्हटलं. रूफस म्हणाला, शेगडीपाशी आहे, येत नाही." तो हसला. त्याचे ओठ फुटले होते. "तेव्हाच उरलेलं सगळं चुलीत घातलं. तू बोलायला आली असतीस तर जपून जाळलं असतं."

लोर्ना त्याच्यापाशी बसली आणि तिने त्याच्या खांद्याला घट्ट डोकं लावलं. मग डोळे पुसून उठली.

"चल," ती म्हणाली, "इंजिन गार होतंय."