कानावरच्या दोन रेघा

सगळा बाजार त्यांना काका म्हणायचा. त्यात वयाने त्यांच्याहून मोठे असलेलेही होते. चौकातलं सलून काकांचं, आणि गावाच्या फुटबॉल संघाचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू काकांचा मुलगा. चेंडू घेऊन निघाला की कुणाच्या चिमटीत सापडायचा नाही, म्हणून लोक त्याला पारा म्हणत.

पाऱ्याच्या डाव्या कानावर वस्तऱ्याने काढलेल्या दोन बारीक रेघा असायच्या. खरं सांगायचं तर ती काकांची चूक होती. मुलाच्या पहिल्या मोठ्या सामन्याच्या सकाळी बापाचाच हात थरथरला आणि कानावर एक चर पडला. एकटा चर चूक दिसतो, म्हणून काकांनी शेजारी दुसरा ओढला. निदान मुद्दाम केल्यासारखं वाटेल. त्या दिवशी पाऱ्याने गोल मारला आणि दुसऱ्या दिवशी सलूनच्या दाराशी रांग लागली. शाळकरी पोरं, बसचे कंडक्टर, बँकेतले साहेब, झाडून सगळ्यांना त्या रेघा हव्या होत्या. ज्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, त्या हेडमास्तरांनीसुद्धा हळूच चौकशी करून पाहिली म्हणतात. तेव्हापासून काका वर्षानुवर्षं त्या रेघा ओढत आले होते.

आणि या उन्हाळ्यात पारा नदीपलीकडच्या संघात गेला.

नदीपलीकडचा संघ म्हणजे गावाचा जन्माचा वैरी. त्यांचा रंग निळा, म्हणून इकडे लग्नातही कुणी निळा शर्ट घालत नाही. बातमी टीव्हीवर आली आणि गाव पेटलं. पाऱ्याच्या नावाचे शर्ट चौकात जाळले, भिंतीवर रंगवलेल्या त्याच्या चित्राच्या तोंडाला डांबर फासलं, आणि दुसऱ्या दिवशी सलूनच्या दाराशी पुन्हा रांग लागली. आता रेघा घालवायच्या होत्या. पण वस्तऱ्याची रेघ पुसता येत नाही. तिच्या आजूबाजूचं सगळं रान कापावं लागतं. काका आठवडाभर लोकांची डोकी भादरत होते. जिकडे बघावं तिकडे गुळगुळीत डोकी. सगळं गाव नुकतंच टायफॉइडमधून उठल्यासारखं दिसत होतं.

काकांच्या धंद्याचा एक नियम होता. वस्तरा हातात असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. गळा त्याचा असतो आणि पाप आपल्याला लागतं. त्यामुळे खुर्चीत बसून कुणी पोराला गद्दार म्हणालं, कुणी खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणालं, तरी काका मुकाट्याने गाल ताणून धरत. आणि वस्तरा तर दिवसभर हातातच असायचा. लोकांनी समजून घेतलं, बापही आपल्याच बाजूचा आहे.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. काका चिडले होते, आणि मनातून दुखावलेही होते. मुलाने संघ बदलल्याचं त्यांना जगाबरोबरच टीव्हीवरून कळलं होतं, एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला फेस लावता लावता. सही होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही अशी अट होती, असं पाऱ्याने नंतर आईला फोनवर सांगितलं. काकांनी फोन हातात घेतला नाही. त्यानंतरही कधी घेतला नाही. काकू रोज ऐकवायच्या, "अख्खं गाव त्याला शिव्या देतंय, त्यात तुमची भर कशाला?" काका म्हणायचे, मी कधी काही बोललोय का त्याला? काकू म्हणायच्या, तेच तर.

असं करता करता सामन्याचा आठवडा आला. नदीपलीकडचा संघ गावात खेळायला येणार होता. सामन्याच्या आदल्या सकाळी, सलून गच्च भरलेलं असताना, पारा दारात येऊन उभा राहिला.

केस वाढून कानावर आलेले, रेघांचा मागमूस नाही. पूर्वी तो आला की बाकावरचे सगळे उठायचे, आधी तू बस म्हणून आग्रह करायचे. आज कुणी हललं नाही. शेवटचा नंबर कुणाचा, असं त्याने विचारलं. बाकावरच्यांनी तोंडं फिरवली, तेव्हा तो बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला. काकांनी आरशातून त्याला पाहिलं आणि ब्रश पुन्हा फेसात बुडवला.

खुर्चीत शेजारचा बेकरीवाला होता. पाऱ्याचं चित्र असलेले केक विकून विकून त्याने दुकानावर मजला चढवला होता, आणि आता शिव्या देण्यात तोच सगळ्यांच्या पुढे होता. लेकी बोले सुने लागे, या न्यायाने त्याने आरशात बघत आपल्या मांजराची गोष्ट काढली. जन्मभर दूध प्यायलं आमच्या घरचं आणि उंदीर धरतं शेजाऱ्याकडचे. बाकावर सगळे खदखदून हसले. पाराही हसला, आणि ते हसू वरवरचं नव्हतं. पोर लहानपणापासून असंच होतं. पडलं तरी आधी समोरच्याला लागलं का ते बघायचं.

त्याचं हसणं गॅरेजवाल्याला सहन झालं नाही. पुढचा नंबर त्याचाच होता. याच्यासोबत एका छपराखाली बसायचं नाही म्हणत तो उठला आणि तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. बघता बघता बाक रिकामा झाला. ही गिऱ्हाइकं परत फिरतील याची काही खात्री नव्हती. बेकरीवाल्यालाही बाणेदारपणे निघून जायचं होतं, पण त्याचा एक गाल अजून फेसाखाली होता.

"बाबा, मी जातो," पारा म्हणाला. "तुमची गिऱ्हाइकं चाललीत."

"नंबर लागलाय ना तुझा? मग बस."

बापाने मुलाशी इतक्या महिन्यांनी बोललेले ते पहिले शब्द.

बेकरीवाल्याचा दुसरा गाल झाला. तो उठला आणि बाहेर न जाता बाकावर जाऊन बसला. म्हणाला, ऊन फार आहे. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

पारा खुर्चीत बसला. काकांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सगळ्यांना विचारायचे तसं विचारलं, काय करायचं?

"रेघा," पारा म्हणाला.

काकांनी वस्तरा उचलला आणि तसाच धरून ठेवला. उभ्या गावात आता एकाही डोक्यावर त्या रेघा उरल्या नव्हत्या. उद्या त्या मैदानावर दिसल्या की कुणाच्या हातच्या आहेत, हे कुणी कुणाला विचारणार नव्हतं. समोरच्या सलूनमध्ये गेलेली गिऱ्हाइकं मग कायमची तिकडचीच. काकांनी वस्तरा फळीवर ठेवला.

"का गेलास?"

पाऱ्याने आरशातून बापाकडे पाहिलं. "इथे माझं चुकलं तरी टाळ्या पडायच्या, बाबा. पास वाया गेला तरी टाळ्या. मला कुणी रागवायचं नाही, कुणी काही शिकवायचं नाही. तिकडचा कोच पहिल्याच दिवशी म्हणाला, तुझा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता आहे. आता रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर जातो आणि फक्त डाव्या पायाने खेळतो. पोरं हसतात."

"मग?"

"आता कमी हसतात." आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला मात्र सांगायला हवं होतं. ते चुकलंच माझं."

काकांना एकदम भरून आलं. तिशी ओलांडलेला, गावाने डोक्यावर घेऊन नाचवलेला माणूस सगळं सोडून, शिव्या खात, पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसला होता. याच्या एवढ्या गोलांपैकी एकाही गोलाचा काकांना इतका अभिमान वाटला नव्हता. आणि असल्या पोराचा आपण फोन घेत नव्हतो. त्यांनी नाक ओढलं, कानावरचे केस बारीक केले, वस्तरा उचलला आणि पोराचं डोकं उजवीकडे कलतं केलं. पहिली रेघ सरळ आली. दुसरी तिच्याहून सरळ आली.

"एक सांगून ठेवतो," त्याच्या मानेवरचे केस झटकताना ते म्हणाले. "मी आपल्याच स्टँडमध्ये बसणार. संघ आपलाच जिंकला पाहिजे."

"माहीत आहे."

"तुम्ही हरा. पण तू दोन गोल मार."

पारा इतका हसला की अंगावरचे केस कापडासकट खाली पडले. बाकावरून, कुणी विचारलेलं नसताना, बेकरीवाला म्हणाला, "तीन-दोन. आपले तीन."

दुसऱ्या दिवशी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाऱ्याच्या पायाला चेंडू लागला की सगळं मैदान शिट्ट्यांनी भरून जायचं. त्याच्या कानावरच्या रेघा लोकांनी पाहिल्या, आणि पाहिल्या पाहिल्या माना वळल्या त्या काकांकडे. मागच्या रांगेतून गॅरेजवाल्याने बापलेकांचा एकत्रित उद्धार केला. काका समोर बघत राहिले. शेजारी बेकरीवाला मांडीवर मुठी आवळून बसला होता.

मध्यंतरानंतर पाऱ्याने चेंडू घेतला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा त्याचा उजवा पाय अडवायला धावला. उजवा त्याला ओळखीचा होता. सगळ्या गावालाच ओळखीचा होता. पाऱ्याने चेंडू डावीकडे घेतला आणि लांबूनच ठेवून दिला. जाळं हललं.

सगळं स्टँड चिडीचूप झालं. पाऱ्याने हात वर केले नाहीत. मान खाली घालून तो परत आपल्या जागेकडे धावत गेला. आणि त्या शांततेत काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटेच. मागून कागदी कप येऊन त्यांच्या पाठीवर आदळला. खाली बसा, असं गॅरेजवाला ओरडला.

तेव्हा बेकरीवाला उठला. काकांना खाली ओढायलाच उठला असावा असं सगळ्यांना वाटलं. तो मागे वळला.

"डाव्या पायाने मारलाय, रताळ्या," तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "डाव्या. दिसलं नाही का तुला?"

मग तो मैदानाकडे तोंड करून उभा राहिला. तोंडाने पाऱ्याला नदीपलीकडे पोहोचेपर्यंत पुरतील एवढ्या शिव्या देत होता आणि हातांनी टाळ्या वाजवत होता, आणि त्यातलं काहीच थांबू नये असं काकांना वाटत होतं.