पाहुण्यांची लाइन

आमच्या घरात तोंड उघडून कुणी काही मागत नाही, हा एक रोगच आहे. आणि सासऱ्यांना तो सगळ्यात जास्त. दाढ दुखली तरी गाल सुजेपर्यंत सांगणार नाहीत. त्यामुळे रविवारच्या खेळात काहीतरी बिनसलंय, हे मला त्यांच्या तोंडून नाही, भाताच्या वाडग्यावरून कळलं. रविवारी दुपारी खेळून उठले की ते मुळ्याच्या लोणच्याबरोबर वाडगाभर भात चाटूनपुसून खायचे. लागोपाठ दोन रविवार भात तसाच राहिला.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"लाइन अडकते," एवढंच म्हणाले आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

अमागासाकीच्या बाजारात आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे तोकुजी कुरामोचींचं, नाणं टाकून खेळायच्या गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की अख्ख्या गल्लीची पोरं तिथे पडीक असायची. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यातलाच एक जुना मारामारीचा खेळ नंतर इंटरनेटवर आला आणि म्हातारा घरबसल्या खेळायला लागला. दोन पैलवान समोरासमोर. एक आपला, दुसरा कुठल्या तरी लांबच्या गावच्या माणसाचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची बोटं अशी चालतात की माझी मुलगी मिओ बघतच राहते.

रविवारी मात्र ते भलत्यासलत्याशी खेळत नसत. रविवारी एकच जण यायचा, 'उत्तरेचा वारा' असं नाव लावून.

"हा आपला शिगेहारु," वर्षापूर्वी त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून मला हळूच सांगितलं होतं. "बघ, खाली दोन लाथा, एक पाऊल मागे, आणि मग वाट बघत थांबतो. दुकानात स्टुलावर बसवून मी शिकवलंय त्याला. दुसरं कोण खेळतं असं?"

शिगेहारु म्हणजे माझा थोरला दीर. तिकडे उत्तरेला, हाकोदातेला असतो. सासूबाई गेल्या तेव्हा तो पोचला तो दहन उरकून, हाडं वेचून कलशात भरून झाल्यावर. बर्फामुळे विमानं बंद होती. सासऱ्यांनी त्याला दारातच अडवलं. "आईची हाडं वेचून झाली. आता कुणासाठी आलास?" काळा कोट घालून तो फाटकाशी उभा होता. तसाच वळला. त्यानंतर ना फोन, ना नव्या वर्षाचं कार्ड. म्हणून तो खेळात येतो म्हटल्यावर मला रडूच फुटलं होतं. तिथेही दोघं बोलत नसत. सुरुवातीला 'सांभाळून घ्या' आणि शेवटी 'आभारी आहे', खेळातलेच ठरलेले शब्द. तेवढ्यावर म्हातारा आठवडा काढायचा.

आणि आता तो खेळच बंद होणार होता. महिनाअखेरच्या रविवारी, कायमचा. तशी सूचना पडद्यावर रोज झळकत होती. नेमकी तेव्हाच लाइन अडकायला लागावी, काय म्हणावं! खेळात दोघांच्या नावापुढे त्यांच्या लाइनचा दिवा असतो, बरी असली तर हिरवा, नसली तर लाल. आपला दिवा लाल असताना खेळत राहणं म्हणजे समोरच्याचा अपमान. भला माणूस माफी मागून बाहेर पडतो. त्या दोन्ही रविवारी सासरेच बाहेर पडले होते.

"त्याला वाटणार, मी पुन्हा दार लावलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. मिओच्या शाळेत नाचाची स्पर्धा होती. दर रविवारी सरावाचे व्हिडिओ ती बाईंना पाठवायची, आणि ते जायला लागले की घरची लाइन तुंबायची. नको पाठवूस म्हणावं तर पोरगी नाचातून जाणार. आमच्या राउटरमध्ये एक यादी असते, घरात कुणाचं आधी सोडायचं याची. वरच्याचं काम झालं की खालच्याचं. राउटर विकणाऱ्या दुकानदाराला फोन करून मी ती कशी उघडायची ते विचारून घेतलं.

यादी भरायला मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही. आमच्याकडे आंघोळीचा जो क्रम, तोच हाही. सगळ्यांना टबातलं ऊन पाणी एकच, त्यात आधी पाहुणा, मग वडीलधारा, मग कर्ता पुरुष, मग मूल आणि सगळ्यांच्या शेवटी सून. यादीत 'पाहुणे' नावाची लाइन होतीच, ती वर टाकली. खाली बाबांचं खेळाचं यंत्र, मग नवऱ्याचा, यासुहिकोचा फोन, मग मिओ, तळाला माझा फोन. पाहुणा घरात नव्हता हे मला काय दिसत नव्हतं? पण पाहुण्याच्या वर घरच्यांना बसवायला हात धजेना.

त्या रविवारी दोन्ही दिवे हिरवेगार. सासरे मधेच "अरे वा!" म्हणून ओरडले ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. दोन वाडगे भात खाल्ला त्यांनी. मी स्वतःवर अशी खूश झाले की काही विचारू नका.

मिओनं ती यादी पाहिली आणि पोट धरून हसली.

"आई, पाहुण्यांचा पहिला नंबर? आपल्याकडे शेवटचा पाहुणा आला तो गॅस तपासणारा माणूस!"

"तुला काय कळतं गं? असतं तसं."

"राउटरला नसतं. थांब, आजोबांनाच पहिलं करते. पाहुणे गेले तळाला. आता बघ कशी चालते."

मीही म्हटलं, शिकलेली पोर आहे, तिला जास्त कळतं.

पुढच्या रविवारी मी चहा घेऊन गेले तर सासऱ्यांचा दिवा हिरवा होता आणि 'उत्तरेच्या वाऱ्या'चा लालभडक. त्याचा पैलवान एक पाय उचलून तसाच अधांतरी उभा. हलायचा, पुन्हा गोठायचा. थोड्या वेळानं 'माफ करा' असं आलं आणि तो निघून गेला.

"वर्षभरात त्याची लाइन कधी बिघडली नव्हती," सासरे म्हणाले. "मुद्दाम केलंय त्यानं. मी दोनदा सोडून गेलो ना? बरोबर आहे त्याचं. दारात उभं करून घालवलं होतं मी त्याला. आता तो शेवटच्या दिवशीही येणार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. चहाचा ट्रे खाली ठेवायचंही मला सुचेना.

माझ्याच हातून काही बिघडलंय का बघायला मी वर धावले. राउटरचं पान उघडलं. आमच्या बाजूला सगळं ठीक होतं. फक्त तळाच्या 'पाहुणे' लाइनवर कुणीतरी होतं. एक खेळाचं यंत्र. आमच्या घरात खेळाचं यंत्र एकच, तेही खाली. मग हे कुणाचं? पाहुण्यांची लाइन वापरायचा फक्त यासुहिको. कचेरीचा संगणक घरच्यांपासून वेगळा ठेवायचा, असा त्याच्या कचेरीचा नियम आहे. आणि रविवारी दुपारी तो दार लावून कचेरीचं काम करतो.

मी दार न वाजवताच उघडलं. कानावर हेडफोन, मांडीवर जॉयस्टिक, आणि पडद्यावर तोच पैलवान.

"हे काय आहे?"

"हळू बोल, चिझुरू."

"हळू? खाली म्हातारा रडतोय, आणि तू इथे दादाचं सोंग घेऊन लाथा मारतोस? स्वतःच्या बापाला फसवतोस? लाज कशी वाटत नाही रे?"

त्यानं हेडफोन काढले.

"दादाला दोनदा फोन केला होता मी," मग म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणाला, त्यांना सांग, नंबर चुकला. हे जाऊन सांगू बाबांना? दादा कुठल्या तरी नावानं येईल म्हणून दर रविवारी नुसते ताटकळत बसायचे ते. मला बघवेना."

"मग स्वतःच्या नावानं खेळायचं होतंस!"

"माझ्या नावानं?" तो हसला, पण कसलं हसणं ते! "मला कधी बसवलं त्यांनी त्या स्टुलावर? दादा खेळायचा आणि मी गल्ल्यावर चिल्लर मोजायचो. त्या दोन लाथा मी पाठीमागे उभा राहून शिकलोय. वर्षभर बाबा माझ्याशी खेळले. दादा समजून का होईना, खेळले."

मी आणखी चार शब्द सुनवायला गेले होते, पण यादीचा घोळ तेवढा त्याला सांगितला. आधी पाहुणे वर होते, मिओनं तळाला टाकले, म्हणून तुझा दिवा लाल.

"म्हणजे या घरात मी एकदा पहिला आलो," तो म्हणाला, "तोही चुकून."

"पुढचा रविवार शेवटचा आहे, यासुहिको."

"राहू दे लाइन तळाला. दादानं पाठ फिरवली असं समजतील. संपेल एकदाचं."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "तो माणूस असा झुरून मरेल." आणि त्याच्यादेखत पाहुण्यांची लाइन पुन्हा वर नेऊन ठेवली. मिओला ठणकावलं की यादीला हात लावायचा नाही.

शेवटच्या रविवारी सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मला म्हणाले, "तूही बस." 'उत्तरेचा वारा' आला. दोन्ही दिवे हिरवे. काय खेळले दोघं! एक डाव याचा, एक त्याचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण वर बसलेल्या माणसाची बोटं डोळ्यांसमोर येत होती आणि मी पदर नसलेली बाई एप्रनच्या टोकानं डोळे पुसत होते. शेवटचा डाव सासरे हरले. खळखळून हसले.

मग जॉयस्टिक माझ्याकडे सरकवली. "मला ती पडद्यावरची अक्षरं जुळवून लिहिता येत नाही. तू लिही. शिगेहारु, त्या दिवशी विमानं बंद होती हे मला माहीत होतं."

मी लिहिलं. हे कुठे जाऊन पोचणार ते मला ठाऊक होतं ना!

"लिही, मी चुकलो. घरी ये."

लिहिलं.

"आणि लिही..." ते थांबले. "आलास की यासुहिकोशी नीट वाग. आईचं दुखणं, माझं म्हातारपण, सगळं त्यानं एकट्यानं ओढलं. तो नसता तर मी केव्हाच संपलो असतो. त्याला मी हे कधी सांगितलं नाही."

तेही मी लिहिलं. पडद्यावरचा पैलवान नुसता उभा. आता खेळ बंद होणार, हा काहीच बोलणार नाही, असं वाटायला लागलं. तेवढ्यात उत्तर आलं.

'त्याला तुम्हीच सांगा.'

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "बरोबर बोलला," म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. जिन्याशी जाऊन हाक मारली, "यासुहिको!"

सासऱ्यांनी कठड्याला हात घातला आणि चढायला लागले. गुडघे धरल्यापासून त्यांनी वर पाऊल टाकलं नव्हतं. मी पुढे धावून त्याला सावध करू शकले असते. केलं नाही. करावंसं वाटलंच नाही, खोटं कशाला सांगू?

दार सरकल्याचा आवाज आला. मांडीवरची जॉयस्टिक आणि पडद्यावरचा तोच पैलवान त्यांना दिसला असणार.

"वर्षभर?" सासऱ्यांचा आवाज.

"हो."

"म्हणजे शिगेहारु एकदाही आला नाही."

"नाही, बाबा."

काहीतरी धपकन पडल्यासारखं झालं. मी जीव मुठीत धरून वर गेले. सासरे चटईवर बसले होते, पाय पुढे टाकून, जत्रेत दमलेल्या पोरासारखे. माझा चव्वेचाळीस वर्षांचा नवरा गळ्यात हेडफोन अडकवून हुंदके देत होता.

"नाही आला तो," म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाही आला." मग त्यानं यासुहिकोचा हात चाचपून धरला. "तू होतास. दर रविवारी तूच होतास रे."