सावकाश खेळणारा गडी

धाकटीचं डोकं पार भंजाळून गेलं होतं, आणि तेही एका बोटभर चिपपायी. घरांचे नकाशे काढून पोट भरणारी बाई ती. पण तिच्या जुन्या लॅपटॉपवर दुमजली घर उघडायचं म्हणजे त्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत. जिना जरा फिरवायला जावं, तर पडदा गोठायचा. चांगली गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली होती. नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, या मॉडेलची चिप, म्हणजे प्रोसेसर, काढून जास्त वेगाचा बसवता येतो. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण संध्याकाळी लॅपटॉप बाबांचा असे. आई गेल्यावर बाबांनी जेवणखाण, बोलणं सगळंच टाकलं होतं. मग ताईच्या मुलाने कॉलेजात लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम त्यांना लावून दिला. प्रोग्राम अकलेने बेताचाच, एकेका चालीला मिनिटभर घ्यायचा आणि तरी हरायचा. बाबा रोज जिंकू लागले आणि माणसात आले.

“वेग वाढला, तर प्रोग्राम खेळेलही चांगला?” धाकटीने दुरुस्तीवाल्याला विचारलं.

“खेळणारच. त्याच मिनिटात कितीतरी पुढचं बघेल.”

म्हणजे बाबा हरणार. काम वाचवायचं की बाप? ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “बदलून टाक आणि त्यांना सांगूच नकोस.” थोड्या वेळाने तिचाच परत फोन आला: “नको गं, राहू दे.” असल्या सल्ल्याचं करायचं काय?

शेवटी तोडगा दुरुस्तीवाल्यानेच काढला. प्रोसेसर बदलायचा आणि प्रोग्रामला मिनिटाऐवजी क्षणभरच द्यायचा. म्हणजे खेळेल फार तर पूर्वीइतकाच. धाकटीचा जीव भांड्यात पडला. जिना लोण्यासारखा फिरू लागला.

बाबा त्या संध्याकाळी जिंकले. जिंकले आणि झाकण मिटून, न जेवता अंथरुणावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशीही तेच. धाकटीला काही उमजेना.

“बाबा, जिंकलात ना?”

“जिंकलो.”

“मग बिनसलं काय?”

“मी चाल केली रे केली, की त्याची चाल तयार. मी काय केलं ते बघतसुद्धा नाही. आधी बसायचा तरी बिचारा विचार करत. तुझी आई बसायची तशी, हनुवटीला हात लावून. मी तेवढ्यात चहा टाकायचो, तिला टोमणे मारायचो. समोर कुणीतरी आहे असं वाटायचं.”

हे दोघं बुद्धिबळ खेळत, हेच धाकटीच्या गावी नव्हतं. ती शाळेतून यायच्या आत पट उचललेला असे. तिला एकदम भरून आलं, आणि आपण इतके दिवस भलत्याच गोष्टीची काळजी करत होतो, याचा रागही आला.

“त्याला पुन्हा मिनिट देता येईल,” ती म्हणाली. “पण आता त्याचा वेग वाढलाय, बाबा. मिनिटभर विचार केला, तर तुम्हाला रोज हरवेल.”

बाबा उठून बसले.

“मग तिने तरी मला कधी जिंकू दिलं?”