एका दमातली रेघ

सुनेनं सासऱ्याला पाटावर बसवून क-ख-ग लिहायला लावावं, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. पूनमनं ते केलं, तेही मला न विचारता.

ती शिरूरला डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. फ्लेक्स नुकतेच यायला लागले होते. पुण्याचा एक माणूस दुकानात आला होता. तो ब्रशच्या अक्षरांचा फाँट करून देतो, म्हणजे तेच वळण कॉम्प्युटरवर कुणालाही उठवता येतं. पाचला तो परत जाणार. ही बया दुपारीच न्हावऱ्याला घरी आली.

"मामा, तुमचं वळण पाहिजे. एकेक अक्षर सुटं लिहा."

शिरूरपासून दौंडपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या आमच्या मालकांच्या हातच्या. तात्याबा पेंटरचं अक्षर लांबून ओळखू येतं, चालता चालता मागं वळून बघितल्यासारखं. पण शिमग्यापासून हात कापायला लागला होता. काम घेऊन कुणी आलं की मीच सांगायचे, मालक गावाला गेलेत. हे पूनमला ठाऊक होतं.

त्यांनी ब्रश बुडवला. क उतरला, ख उतरला. मनगट टेकवून, श्वास धरून ज्ञपर्यंत गेले. मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात त्यांनी सवयीनं प्रत्येक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढली.

"अहो मामा, रेघ कशाला? सुटी पाहिजे होती ना!"

"पोरी, रेघ शेवटाला वढावीच लागती. उघड्या डोक्याची पाटी आपण देत न्हाई."

दुसरा कागद घेतला. घलाच ब्रश लटपटला. च तर शेळीनं कुरतडल्यागत झाला. त्यांनी ब्रश ठेवला आणि हात मांडीखाली दाबला.

"आता न्हाई व्हायचं."

साडेतीन वाजून गेले होते. पूनमनं पहिला कागद ओढला, कात्री घेतली.

"अगं, फाडतीस का काय?" मी ओरडले.

तिनं क, म, ळ रेघेसकट कापले आणि फरशीवर एकमेकांना भिडवले. कमळ. वरची रेघ सलग.

"आत्या, कॉम्प्युटरबी असंच जोडतो. मीच येड्यासारखी घाबरले."

मालक वाकले. मांडीखालचा हात काढून त्यांनी ळ जरासा आत सरकवला.

"जोड दिसत न्हाई," म्हणाले.

पूनम कागद गुंडाळून चपला घालायला लागली. मी दारात आडवी झाले.

"आगाऊ हायस तू, आन् दगडाच्या काळजाची. कापत्या हातात बरश देताना तुला कायबी वाटलं न्हाई. मला वाटलं, म्हणून चार म्हैने मी त्यांना घरात कोंडलं. जा, यष्टी गाठ. आन् परत आलीस की नवा कागद त्यांच्याम्होरं तूच ठेव. माझ्यानं व्हायचं न्हाई."