नळाखाली धुतलेली खाडी

टक्!

मित्रांनो, दचकू नका. शांत स्वयंपाकघरात हा आवाज माझाच. मी कालवांचे शिंपले उघडायची एक जुनी सुरी आहे. पातं आखूड, टोक बोथट, आणि लाकडी मूठ आजोबांच्या तळहाताच्या मापाने झिजलेली.

चाळीस वर्षं मी आजोबांच्या कमरेला होते. खाडीत त्यांची कालवांची शेती. बी सगळीकडे एकच. पण ओढ्याच्या तोंडाशी टांगलेल्या टोपल्यांतली कालवं गोडसर, समुद्राकडची खारट, आणि चिखलाच्या काठाची कोवळ्या काकडीच्या वासाची. कालव दिवसभर पाणी पितं. जसं पाणी, तशी चव. दर आठवड्याला टोपल्यांच्या प्रत्येक ओळीतलं एक कालव मी उघडायचं आणि आजोबांनी डोळे मिटून, नुसत्या चवीवरून ओळ सांगायची, हा घरचा शिरस्ता. ते कधी चुकले नाहीत. लोक त्यांची वाहवा करायचे. त्यातली थोडी मी गुपचूप माझ्या नावावर घ्यायचे.

मग आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं मात्र गेलं. मी खणात पडले, चमच्यांच्या गर्दीत, गंज खात. आठ महिने घराने त्यांचा शब्द ऐकला नाही. सूनबाई त्यांना भरवायची, केस विंचरायची आणि रोज म्हणायची, "बाबा, नुसतं हूं तरी म्हणा ना."

आज तिने मला बाहेर काढलं, घासलं, पुसलं. दोनदा मी निसटले. तिसऱ्यांदा खाडीतून आणलेल्या कालवाच्या शिंपल्याच्या सांध्यात शिरले. टक्! आणि मित्रांनो, तिने काय करावं? आजारी माणसाला स्वच्छ द्यावं म्हणून ते कालव नळाखाली खळखळून धुतलं! मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते.

आजोबांनी चावलं. तोंड वाकडं केलं.

"नळ," ते म्हणाले.

सूनबाई जागच्या जागी थिजली. "काय म्हणालात, बाबा?"

"नळाची चव. खाडी कुठंय?"

"चुकलं माझं! थांबा, थांबा हं!" ती हसत होती की रडत होती, कळेना. दुसरं कालव तिने शिंपल्यातल्या पाण्यासकट त्यांच्या ओठांना लावलं.

आजोबांनी डोळे मिटले. "ओढ्याकडची ओळ. वर पाऊस झालाय."

"बरोब्बर!" सात वर्षांची भिंगरी, त्यांची नात, टाळ्या पिटत ओरडली. "काल ओढा गढूळ होता, मी पाहिलाय!"

मित्रांनो, म्हणून सांगते, खाडीत कचरा टाकू नका. तिथलं सगळं कालवांच्या पोटात जातं, आणि तिथून आमच्या आजोबांच्या जिभेवर. आणि जुन्या सुऱ्या अधूनमधून खणातून काढत जा.

आजोबा भिंगरीकडे बघून गोड हसले. मग सुनेला हळूच म्हणाले, "ही कोणाची गं पोर?"

भिंगरीच्या टाळ्या थांबल्या. तिने आईचा हात ओढला.

"आई, त्यांनी ओढा ओळखला. मग मला का नाही ओळखलं?"

सूनबाई मला पुसत होती. पुसतच राहिली.