तात्यांचं नख

साताऱ्याच्या स्टँडबाहेर चहाच्या गाड्यावर तात्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर उकळता चहा सांडला, आणि तात्यांना पत्ताच नाही. बोलतच राहिले. नाथाजीनं रुमाल काढून ती बोटं पुसली, तेव्हा कुठं त्यांनी हाताकडे पाहिलं.

"काय रं, तान्हं पोर समजतोस व्हय मला?"

नाथाजी हसला, पण त्याची नजर त्या लाल झालेल्या बोटांवरच राहिली.

दोघंही लष्कराच्या वर्कशॉपातले टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. तात्या वस्ताद, नाथाजी त्यांच्या हाताखाली तयार झालेला. जम्मूकडच्या थंडीत शेगडीभोवती बसून त्यांनी एक बेत केला होता. पेन्शनीत गेल्यावर आष्ट्याला नाथाजीच्या परड्यात पत्र्याची शेड घालायची. आत एक लेथ, एक ड्रिल, एक व्हाइस. कुणाचं काम घ्यायचं नाही, जिवाला वाटेल ते करत बसायचं. पहिलं करायचं ते तळहाताएवढं, खरोखर चालणारं वाफेचं इंजिन. संसाराच्या रगाड्यात बेत मागं पडत गेला. शेवटी शेड उभी राहिली, तर गेल्या वर्षी तात्यांची उजवी बाजू गेली. पुढं हात हलू लागला, काठी टेकत चालणं आलं. "हात परत आला," असं ते भेटेल त्याला सांगत. आज मशिनं निवडायला दोघं निघाले होते.

एमआयडीसीतलं एक बंद पडलेलं वर्कशॉप होतं. मालक वारला होता, त्याचा मुलगा वीरधवल एकेक मशीन विकत होता. ड्रिल आवाजावरून ठरलं, व्हाइस जबडा बघून. उरला लेथ. लेथ दोन होते. एक मोठा, हिरवा, हत्तीसारखा बसलेला. दुसरा लहान, रंग उडालेला.

लेथची झीज डोळ्यांना दिसत नाही. हत्यार ज्या पट्टीवरून सरकतं ती, लोखंड पकडून फिरवणाऱ्या चकाजवळ रोज काम होतं तेवढीच घासते, आणि घासलेलं संपतं तिथं बारीक पायरी राहते. वर्कशॉपात ती पायरी तात्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख शोधायचं. साहेब मागाहून गेज लावून बघायचे, आणि गेज तात्यांचीच री ओढायचा.

तात्यांनी मोठ्याची पट्टी पुसली, डोळे मिटले, नख फिरवलं.

"लोण्यावानी हाय. ह्योच घ्यायचा."

"आजोबा, त्याच्यावर पप्पांनी वीस वर्षं दोन-दोन पाळ्या चालवल्यात," वीरधवल म्हणाला. पोरगं सरळ होतं. "लहान बघा की. फारसा वापरलेलाच नाही."

"तुझ्या जन्माआधीपासनं हे नख मशिनं बघतंय, बाळा."

तात्या दाराकडे वळले तसं नाथाजीनं हळूच आपलं नख फिरवलं. उंबऱ्याला ठेच लागावी तसं ते अडलं. लहान लेथवर फिरवलं, कुठंच अडलं नाही. वीरधवल त्याच्या तोंडाकडे बघत होता. इंजिनाचा पिस्टन या थोरल्यावर साधणार नाही, हे नाथाजीला लख्ख कळत होतं. आणि तात्या दारात काठीवर भार देऊन, कितीतरी दिवसांनी ताठ उभे होते.

"तात्या म्हणतील तो," नाथाजी म्हणाला.

खंडेनवमीला तात्या आष्ट्याला आले. लेथला हळदकुंकू वाहिलं, चकाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग माळ उतरवून नाथाजीनं वीतभर सळई लावली आणि तिच्यावरून हत्यार एकदा फिरवून घेतलं. सळई आरशासारखी चमकली.

"आण इकडं," तात्या म्हणाले.

डाव्या हातात मायक्रोमीटर धरून त्यांनी एक टोक मोजलं. मग दुसरं. पुन्हा पहिलं. नाथाजी चकात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या काढत बसला. त्या काढून संपल्या तरी तात्यांचं मोजणं संपेना.

"चकाकडनं जाड हाय. पट्टी झिजलीया," तात्या अखेर म्हणाले.

नाथाजीनं हातातल्या पाकळ्या खाली ठेवल्या.

"चहा सांडला तवाच तुला कळलं व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मग लहान घ्यायचा सोडून ह्यो हत्ती कशाला आणलास, गड्या? इंजिन कशावर करणार हायस आता?"

"आवं तात्या, तुमचं नख खोटं हाय असं त्या पोरासमोर कसं म्हणू मी?"

तात्यांनी सळई खाली ठेवली. अंगठा पट्टीवर टेकवला आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"कुठं अडतंय ते दाव मला."

नाथाजीनं तो अंगठा आपल्या हातात घेतला. वर्कशॉपातल्या पहिल्या दिवशी तात्यांनी त्याचा घेतला होता तसाच. नख पायरीवरून ओढलं, परत मागं नेलं. पत्र्याच्या शेडीत कट्‌ असा बारीक आवाज झाला.

"इथं."

"आवाज आला," तात्या म्हणाले. "लागलं न्हाई रं काय."

मग अंगठा न काढता म्हणाले, "आनी एकदा फिरव."

नाथाजीनं पुन्हा फिरवलं.