‘मले’ ऐकलेला माइक

मित्रांनो, ज्याला स्वतःचा आवाज नसतो, त्याला दुसऱ्यांचे आवाज फार नीट ऐकू येतात. मी एक जुना माइक आहे. नागपूरच्या रामदासपेठेतील एका शाळेच्या सभागृहामागे अडगळीची खोली आहे. तिथे फुटक्या हार्मोनियमवर डोके टेकवून मी पडलो आहे. माझ्या जाळीला पोचा आला आहे आणि माझी तार कोणीतरी दुसऱ्या कामासाठी कापून नेली आहे. माझ्या डोक्यात एक पातळ पडदा आहे, त्याच्यामागे तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक चुंबक. कोणी बोलले की पडदा थरथरतो. बटण बंद असले तरी थरथरतो. म्हणजे मी सदैव ऐकतो, फक्त सांगत नाही. सभ्य माणसांतही हा गुण मोठा मानला जातो.

कारखान्यातून मी सीताबर्डीच्या एका दुकानात आलो आणि तिथून शाळेत. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या डोक्यावर बोटाने टकटक केली, तोंडावर फुंकर मारली आणि मी जोरात ओरडलो तेव्हा समाधानाने मान हलवली. या संस्थेत प्रवेश कसा मिळतो, हे मला तिथेच समजले. आधी डोक्यावर टकटक सोसायची आणि मग अपेक्षित तोच आवाज काढायचा.

माझे ते दिवस मानाचे होते. दसऱ्याला माझ्या जाळीवर झेंडूचे फूल बांधत. सकाळी माझ्यातून प्रार्थना जाई, सर्वांना बंधू मानण्याची प्रतिज्ञा जाई, सुविचार जाई. त्यानंतर वर्गावर्गांतून जे चाले, त्यासाठी माइक लागत नसे.

रोशनी पाचवीत या शाळेत आली. घर सक्करदऱ्याला. आईवडील दोघेही दिवसभर कामावर, म्हणून ती वाढली ती आजीच्या, बायजाबाईंच्या हाताखाली. बायजाबाई मूळच्या खापा गावच्या. त्यांची बोली नातीच्या जिभेवर अंगाईबरोबरच उतरली होती. परिपाठात पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहून रोशनीने स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हटले, “मले पुस्तकं वाचाले लय आवडते.”

सभागृह हसले.

मित्रांनो, माझ्या पडद्याला ‘मले’ आणि ‘मला’ सारखेच थरथरवतात. चुंबकाला व्याकरण कळत नाही, त्यामुळे त्याला हसण्याचे कारणही सापडत नाही. त्यासाठी शिक्षण लागते.

रांगेतून अमोल नावाचा मुलगा ओरडला, “ए मलेतुले! तुले डबा पाहिजे काय वं?” त्याच्या घरीही असेच बोलत असणार, नाहीतर इतके बिनचूक चिडवता येत नाही. रोशनीचे नाव त्या दिवसापासून ‘मलेतुले’ पडले.

मराठीच्या मेघा मॅडम तिला मधल्या सुट्टीत माझ्याजवळ घेऊन आल्या. स्वभावाने त्या प्रेमळ होत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण ही कामे प्रेमळ माणसेच उत्तम करतात. “अशुद्ध बोलायचं नाही, बाळा. म्हण, मला.”

“मला.”

“शाब्बास. पुन्हा.”

“मला. मला. मला.”

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. रोशनीला बाहेर पाठवून, पाठ वळवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हो वं आई, येऊनच राहिली. मले आज उशीर होईन. काहून काळजी करून राहिली तू?” फोन ठेवून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. बटण बंद आहे ना, एवढीच खात्री त्यांना करायची होती.

रोशनीला कोणीही कधी मारले नाही. सुधारलेला समाज मारत नाही. तो हसतो आणि हसून झाल्यावर बक्षीस देतो. वर्षभरात तिचे शब्द इस्त्री केल्यासारखे सरळ झाले. दुसऱ्या वर्षी ती कथाकथनात पहिली आली. तिसऱ्या वर्षी शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तिच्याकडे आले. ‘मलेतुले’ हे नाव मुले विसरली. ती स्वतः मात्र विसरली नव्हती. प्रत्येक वाक्याआधी ती क्षणभर थांबे. ते थांबणे माझ्याशिवाय कोणाला ऐकू येत नसे.

मग आजी-आजोबा दिन आला. ‘माझ्या लहानपणीची एक आठवण’ सांगण्यासाठी निवडक आजी-आजोबांना बोलावले होते आणि त्यांत बायजाबाई होत्या. कार्यक्रमाच्या सकाळी पांढरे स्वच्छ लुगडे नेसून त्या लवकरच आल्या. सभागृह रिकामे होते. रोशनीने मला त्यांच्या हातात दिले.

“याच्यात बोलू काय वं? हा चावत तं नाही ना?”

“आजी, मस्करी नको ना. सांगून बघ एकदा.”

बायजाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरले, एखादे लेकरू धरावे तसे. “छपन सालची गोठ हाये. मी लहान होती. माह्या बापानं मले खांद्यावर घेतलं अन् खाप्याहून नागपूरले आनलं. एवढी मानसं, बाप्पा, एवढी मानसं! पांढरेच पांढरे कपडे. तवापर्यंत आम्ही कोनासमोर बोलाचं म्हनलं का मान खाली. पानी मांगाचं तं मान खाली. दीक्षा झाली अन् बापानं मले खांद्यावरून उतरवलं. म्हने, बाये, आता सरळ उभी राह्य. आजपासून मान वर करून बोलाचं. कोनाही समोर.”

रिकाम्या सभागृहात ते शब्द बराच वेळ राहिले. माझ्यातून आजवर गेलेल्या कोणत्याही प्रतिज्ञेने माझा पडदा असा थरथरवला नव्हता.

“छान आहे आजी,” रोशनी म्हणाली. “फक्त ‘मले’ नको म्हणू. ‘मला’ म्हण.”

“काहून?”

“मुलं हसतात.”

“हसू दे ना. ‘मले’ म्हनलं का मले मी वाटते. ‘मला’ म्हनलं का दुसरंच कोनी उभं हाये वाटते.”

“आजी, प्लीज. माझ्यासाठी.”

“बरं बाई, पायतो.”

दुपारी सभागृह भरले. पुढच्या रांगेत पाहुणे होते. रोशनीने निर्दोष भाषेत आजीची ओळख करून दिली आणि मला त्यांच्या हाती सोपवले. बायजाबाईंनी मान वर केली. “छपन सालची गोठ हाये. मी लहान होती. माह्या बापानं मले खांद्यावर घेतलं अन्...”

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. अजून हसू पसरले नव्हते. अजून वेळ होता. पण रोशनीच्या कानांना ते हसू परिचयाचे होते. त्या हसण्याच्या वाटेत आपण उभे आहोत, हे तिला कळले आणि सुटकेची एकच वाट ती शिकली होती. ती माझ्यावर झुकली आणि गोड, तयार आवाजात म्हणाली, “आजी, ‘मले’ नाही हं. ‘मला’!”

आता सभागृह मनमोकळे हसले आणि पाठोपाठ टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतील पाहुणे म्हणाले, “काय हजरजबाबी पोरगी आहे!” मेघा मॅडमही टाळ्या वाजवत होत्या, किंचित उशिरा.

“मला,” बायजाबाई म्हणाल्या. शुद्ध म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, “मला...” आणि त्यांना पुढचे सापडेना. त्यांनी मान खाली घातली. “झालं,” म्हणाल्या आणि मला खाली ठेवून पायऱ्या उतरून गेल्या.

रोशनीने घाईने मला उचलले, मी स्पीकरजवळ गेलो आणि माझ्यातून कर्कश शिटी निघाली. सर्वांनी कानांवर हात ठेवले. माइक बिघडला, असा एकमताने निर्णय झाला. त्या सभागृहात त्या दिवशी बिघडलेले तेवढेच दिसले.

रोशनीला उत्तम सूत्रसंचालनाची ढाल मिळाली. दारापाशी बायजाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “शिकलं माह्यं लेकरू.” रोशनीला ती शाबासकी वाटली, आणि बायजाबाईंनीही ती शाबासकीच मानायचे फार मनापासून ठरवले होते. त्यानंतर शाळेत त्या कधी बोलल्या नाहीत. पालकसभेला आल्या तरी कोपऱ्यात हसून बसत.

मित्रांनो, तुम्हाला माझी भाषा शुद्ध वाटली असेल. मुद्दामच तशी ठेवली आहे. बायजाबाईंच्या बोलीत सांगितले असते, तर तुम्ही इथवर ऐकले असते का?

आता माझ्यासारख्यांची निगा कशी राखावी, तेवढे सांगतो. माइकच्या डोक्यावर टकटक करू नये. त्याला ओलीत ठेवू नये. आणि एकदा तो कोणाच्या हाती दिला की त्या माणसाचे वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये तोंड घालू नये. माझ्या जाळीत एक वाक्य ‘अन्’पाशी अडकून पडले आहे. त्याच्या पुढे एक बाप आपल्या लेकीला खांद्यावरून उतरवतो आणि सरळ उभी राहा म्हणतो. ते वाक्य त्या भरलेल्या सभागृहात कोणालाच ऐकायला मिळाले नाही. सारे जण त्यातला एक शब्द दुरुस्त करण्यात गुंतले होते.